'होते' खोडलं त्या रविवारी: ठाकूरद्वार, लालबाग, दादर

नाशिकहून मुंबईला जायचं ठरलं ते मामाच्या फोनवर. "दादराक माझ्या रेकॉर्डिंगचा प्रदर्शन आसा. येतंस मा?" लालबागच्या चाळीतला हा माझा मामा गिरणीत होता तेव्हापासून आवाज टेपवर उतरवतोय. भोंगा, लेझीम, नळावरची भांडणं, काही सोडलेलं नाही. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, आता जाणारच!

शनिवारी मैत्रिणीकडे ठाकूरद्वारला मुक्काम. प्रदर्शनाचा बॅनर जवळच छापायला टाकला होता, तो आणायचं काम माझ्या गळ्यात. सकाळी आधी तिथल्या जुन्या उपाहारगृहात थालीपीठ हाणलं. रविवारी लवकर जा, नंतर बसायला जागा मिळत नाही. मग बेस्टच्या बसने, बॅनर मांडीवर घेऊन, लालबाग.

मामाने बॅनर उलगडला. 'यांनी गिरणगावचे आवाज टिपून ठेवले होते.' झालं, म्हातारा भडकला.

"होते? मगे मी मेलंय काय? मी नाय येवचंय!"

मामी म्हणाली, "एका शब्दासाठी एवढं?" पण मला त्याचं पटलं. कालच त्याने मसाला कुटणाऱ्या यंत्रांची धडधड रेकॉर्ड केली होती. खाली दुकानातून स्टिकर पेपर आणला, ठसठशीत 'आहेत' लिहिलं आणि 'होते'वर चिकटवलं. थोडं तिरकं बसलं, बसू दे. मामा मात्र चप्पल घालून निघाला.

दादरच्या हॉलवर आयोजक ताई वैतागल्या. "अहो, डिझाइन बिघडलं! आणि गिरण्या बंदच झाल्यात ना?"

"गिरण्यो बंद झाल्यो. मी खंय झालंय?" मामाने खिशातून रेकॉर्डर काढला.

तेवढ्यात स्पीकरवर नळाचं भांडण लागलं आणि मागून एक आजी ओरडल्या, "अगो बाई, हा तर माझा आवाज! माझीच कळशी ढकललेली त्या सटवीने!"

मामा रेकॉर्डर घेऊन धावला. "वहिनी, पुढचा सांगा."

आणि वहिनींनी सांगितलं! कमरेवर हात ठेवून, आवाज चढवून, सगळं नव्याने. हॉल हसून हसून लोळला. ताई स्वतः उठल्या आणि 'आहेत'चा सुटलेला कोपरा दाबून बसवला. असला आनंद झाला म्हणून सांगू, मी शिट्टीच मारली.

काल घरी मामाची क्लिप आली. आजींचं भांडण, हशा, आणि शेवटी माझी शिट्टी. वेड्यात काढणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना लगेच पाठवली. खाली लिहिलं, मामाने टिपून ठेवलं आहे.