नाकोबाच्या चार टाक्या

मॅडमनी नाकोबाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते. कमरेच्या वरचा सगळा माणूस एका निळ्या पिंपात उलटा गेला होता आणि आतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येत होता. सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरीचा पहिला दिवस, हातात नवी कोरी वही, आणि तिच्या पहिल्या पानावर ‘सुरक्षितता’ हा एकच शब्द लिहिलेला. मॅडमना वाटलं, झालं, आपण यायच्या आधीच एक गेला. त्या ओरडणार तेवढ्यात पिंपातून नाक बाहेर आलं. येतच राहिलं. बोगद्यातून मालगाडी निघावी तसं ते निघत होतं आणि शेवटी गार्डाचा डबा येतो की नाही अशी मॅडमना शंका यायला लागली. यथावकाश नाकामागून मिशा आल्या, चष्मा आला, आणि पंचावन्न वर्षांचा एक किडकिडीत, अत्यंत प्रसन्न माणूस आला.

त्याने मॅडमच्या दिशेने दोनदा हुंगलं.

“या मॅडम. लॅबमध्ये हात स्पिरिटने पुसलेत. डब्यात लिंबू आहे. आणि वहीवरची शाई अजून ओली आहे.”

“तुम्ही पिंपात काय करत होता?”

“वाचत होतो.”

कारखाना पाण्याचे पंप बनवायचा आणि नाकोबा त्यांचे भाग धुवायचा. लेथवरून सुटलेला प्रत्येक भाग तेलाने आणि धातूच्या किसाने माखून त्याच्याकडे यायचा आणि आंघोळ करून, पुसून, शाळेच्या फोटोला निघालेल्या मुलासारखा पुढे जायचा. धुलाई खात्यात चार टाक्या होत्या. पहिली खाष्ट: तिच्यात गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी, पोलादाच्या भागांसाठी; अ‍ॅल्युमिनियमला ते खातं. दुसरी गुणी: सौम्य साबणाचं पाणी, अ‍ॅल्युमिनियमच्या आणि पितळेच्या नाजूक मंडळींसाठी. तिसरीत रॉकेलच्या जातीचं द्रावण, घट्ट ग्रीस काढायला. ठिणगी दिसली की तिचं डोकं फिरायचं. चौथीत नुसतं पाणी. तिला शेवटी सगळ्यांचं निस्तरावं लागायचं, म्हणून नाकोबा तिला ‘थोरली सून’ म्हणायचा.

दर सोमवारी टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरायच्या. माल यायचा तो एकसारख्या निळ्या पिंपांतून, आणि पिंपांवरची कागदी लेबलं ओघळ लागून आठवड्याभरात लगदा व्हायची. पण सव्वीस वर्षांत काही बिघडलं नव्हतं, कारण नाकोबा झाकण उघडून नाक आत घालायचा आणि सांगायचा, हे कॉस्टिक, हा साबण.

“कॉस्टिकला वास नसतो, मामा,” मॅडम म्हणाल्या. कारखान्यात वयाने मोठ्या माणसाला सगळे मामाच म्हणत. नाकोबा हे पाठीमागचं नाव होतं.

“नसतो ना? तोच त्याचा वास.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी समजावलं, की वाफ फुफ्फुसात जाते, डोकं गरगरतं, द्रावणाच्या रिकाम्या पिंपात वाकलेला माणूस तिथेच बेशुद्ध पडू शकतो, आणि लेबल हे वाचण्यासाठी असतं. नाकोबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, लेबल ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी. आंधळ्याला काठी असते तसं. मला कशाला?”

प्रकरण व्यवस्थापक साहेबांकडे गेलं. साहेब शांततेचे भोक्ते होते, म्हणजे निर्णय दुसऱ्यावर ढकलला की त्यांना शांत वाटायचं. ते म्हणाले, “मॅडम, तीन महिने बघा. सुधारला तर राहू दे. नाही तर पॅकिंगमध्ये टाकू. तुम्ही वहीत लिहाल तसं.”

नाकोबाला हे कळलं तेव्हा त्याने जेवणाचा डबा बंद करून ठेवला. पॅकिंग म्हणजे खोक्यांना चिकटपट्ट्या लावणं. “मी? खोकी चिकटवू? स्वच्छ झालेला भाग हातात घेऊन त्याच्यावर पाणी सोडलं ना, की पाण्याची अखंड चादर पसरते. तेलाचा ठिपका राहिला असेल तिथे चादर फाटते. ती फाटत नाही हे बघायला मी रोज येतो. खोक्यात काय बघू?” एवढं बोलून तो उठला आणि थोरल्या सुनेच्या काठावर जाऊन उभा राहिला. मॅडमना त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून वाईट वाटलं, पण त्यांनी वही बंद केली नाही.

पहिला महिना युद्धाचा गेला. मॅडमनी सकाळी लावलेली लेबलं संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून असायची. हातमोजे नाकोबाच्या कमरेला लटकायचे, शोभेसाठी. मॅडमनी चाळीस मिनिटांचं व्याख्यान दिलं: कॉस्टिक नेहमी पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही; पंखा आधी, झाकण नंतर; नवीन माल आधी छोट्या तुकड्यावर करून बघायचा; अंगावर उडालं तर सलग पंधरा मिनिटं वाहतं पाणी. नाकोबा पहिल्या रांगेत बसून झोपला.

दुसऱ्या महिन्यात त्याला ताप आला. आठवड्याने परतला तो निराळाच माणूस. हातमोजे हातात, गॉगल डोळ्यांवर, एप्रन गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि नाक पिंपापासून हातभर लांब! शिवाय दर पिंपातून तो ओगराळंभर द्रव स्टीलच्या पेल्यात काढायचा, खिशातून काहीतरी काढून त्यात टाकायचा आणि टक लावून बघायचा.

“हे काय मामा?”

“तुम्हीच म्हणालात ना, आधी छोट्या तुकड्यावर.”

मॅडमना गहिवरून आलं. झोपेतसुद्धा ऐकत होता हा माणूस! त्या रात्री त्यांनी वहीत ‘वर्तनात आमूलाग्र सुधारणा’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या, आणि नवऱ्याला फोन करून आपल्या व्याख्यानाचा उत्तरार्ध पुन्हा ऐकवला. नवरा बिचारा ऐकून घेतो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मॅडम फेरीवर होत्या. पिंपांवरची लेबलं नेहमीसारखी लगदा झाली होती; नाकोबाने पेल्यातली चाचणी करून दुसरी टाकी भरली होती, पाणी कढत केलं होतं. पंपांची चाळीस अ‍ॅल्युमिनियमची झाकणं जाळीच्या टोपलीत घालून त्याने टोपली साखळीने खाली सोडली. क्षणभर काही नाही. मग टाकी फसफसायला लागली. उतू जाणाऱ्या दुधासारखा करडा फेस कडेपर्यंत चढला आणि टाकीच्या तोंडावर वाफ उभी राहिली.

“मागे व्हा!” नाकोबा ओरडला. “वेल्डिंग बंद! ठिणगी नको, गॅस सुटतोय!”

पलीकडच्या वेल्डरने हातातलं टाकलं. नाकोबाने मोठा पंखा सुरू केला, तापवणारी कळ बंद केली, साखळी ओढून टोपली वर घेतली आणि सरळ थोरल्या सुनेत बुडवली. सगळं मिळून मिनिटभरात. मॅडम वहीत काही लिहायचं असतं हे विसरून बघत राहिल्या. मग त्यांना दिसलं, की त्याच्या हातमोज्याच्या आणि बाहीच्या मधल्या मनगटावर दोन थेंब उडालेत.

“चला. नळाखाली. पंधरा मिनिटं.”

“अहो, दोन तर थेंब...”

“पंधरा मिनिटं!”

मनगट मॅडमनी स्वतः धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. आता नळाखाली पंधरा मिनिटं हात अडकलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, विषय बदलू शकत नाही, डबा खायला जाऊ शकत नाही. तीन मिनिटं नाकोबा छताकडे बघत होता. चौथ्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या, “साबणाच्या टाकीत कॉस्टिक. सव्वीस वर्षांत झालं नाही. वास नाही आला?”

“नाही.”

“का?”

“तुम्हीच म्हणालात, कॉस्टिकला वास नसतो.”

“मामा, साबणाला असतो.”

तेवढ्यात दारातून आवाज आला, “अहो, चष्म्याचं घर घरीच राहिलं तुमचं! हे काय, हात का धरलाय ताईंनी?” नाकोबाची बायको आली होती. नाकोबापेक्षा दीडपट रुंद आणि चौपट बोलकी.

“कॉस्टिक उडालं,” मॅडम म्हणाल्या. “मामांना पिंप ओळखता आलं नाही.”

“कसं येणार?” बायको म्हणाली. “नाक गेलंय ना यांचं!”

“अगं...”

“काय अगं? त्या तापापासून गेलंय, ताई. परवा दूध करपून घरभर धूर झाला. हे शेजारी बसून पेपर वाचतायत! मी आले तर मला म्हणतात, धुकं पडलंय वाटतं.”

“तुला कुणी विचारलं का?”

“विचारायची वाट बघितली असती तर लग्न तरी झालं असतं का तुमचं?”

मॅडमनी मनगट सोडलं नाही. सात मिनिटं झाली होती. “मग पेल्यात काय टाकत होता?”

नाकोबाने मोकळ्या हाताने खिशातून चिमूटभर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे बारके खिळे, काढले. “अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. टाकले आणि बुडबुडे आले तर कॉस्टिक, गप्प राहिले तर साबण. आज गप्प राहिला.”

मॅडमनी एक रिव्हेट उचलून उजेडात धरला, बोटांवर तोलला. “जड आहे. हा स्टेनलेसचा आहे, मामा. हा कशातच बोलत नाही.”

“जोडणी खात्यातल्या डब्यातून मूठभर उचलले होते,” नाकोबा हळूच म्हणाला. “मिसळले असतील. काल लिहिलं असतंत तर राहिलो असतो. आज लिहा आता, पॅकिंग.”

पंधरा मिनिटं झाली. मॅडमनी नळ बंद केला, मनगट बघितलं. जरासं लाल होतं, बाकी ठीक. त्यांना आपल्या दोन रेघा आठवल्या. आमूलाग्र सुधारणा त्यांच्या व्याख्यानाने केली नव्हती, तापाने केली होती. थोडं लागलं त्यांना. पण गंमत अशी, की नाक गेलेल्या या माणसाने, कुणी न सांगता, एक बरी चाचणी शोधून काढली होती. फक्त तुकडा कुठल्या धातूचा आहे हे तपासलं नव्हतं. आणि फेस चढल्यावर त्याने जे केलं, ते त्यांच्या वहीतसुद्धा इतक्या नीट क्रमाने नव्हतं.

दुपारी साहेबांसमोर काळी पडलेली चाळीस झाकणं मांडली गेली.

“वास येत नाही म्हणता?” साहेब म्हणाले. “मग धुलाईत कशाला ठेवायचा?”

“म्हणूनच ठेवायचा, साहेब,” मॅडम म्हणाल्या. “वास घ्यायला मी कुणालाच ठेवणार नाही. या कारखान्यात लेबल वाचायची खरी गरज असलेला हा एकच माणूस आहे. बाकी सगळे अंदाज करतात. आणि हा नाक गेल्याचं लपवून राहिला, तो दोष माझाही आहे. मी वही घेऊन मागे लागले होते.”

साहेबांना निर्णय दुसऱ्याने घेतलेला दिसला, त्यामुळे त्यांना लगेच शांत वाटलं. “लिहा तसं,” ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी पिंपांवर प्लास्टिकची, पाण्याने न जाणारी लेबलं आली आणि त्यांवरचा मजकूर नाकोबाने स्वतःच्या हाताने लिहिला. वीतभर उंचीची अक्षरं. ‘कॉस्टिक. पोलादच. अ‍ॅल्युमिनियम घातलंत तर मला बोलवा आणि पळा.’ ‘साबण. हा गुणी आहे, तरी हातमोजे घाला.’ ‘द्रावण. विडी ओढणाऱ्याने आधी मृत्युपत्र करावं.’ मॅडमनी शेवटचं बदलायला सांगितलं. नाकोबाने बदललं नाही. प्रत्येक नव्या पिंपाचा थेंब रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्टीवर पडायचा, मग अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा, धातू तपासून घेतलेला, अर्धा तास पेल्यात बसायचा. तोपर्यंत नाकोबा स्टुलावर बसून त्याच्याकडे बघायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “श्श. चाचणी चालू आहे.” मग धुतलेला भाग हातात घेऊन पाणी सोडायचा, चादर पसरलेली बघायचा आणि मॅडमना हाक मारायचा, “या, बघा, कुठे फाटलीय का!” त्या जवळजवळ रोज यायच्या. वहीत लिहायला काही नसायचं.

अडीच वर्षांनी नाकोबा वयोमानानुसार निवृत्त झाला. त्यानंतर कारखान्याने भाग धुण्याचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली आणि चारही टाक्या भंगारात काढल्या.