तीन डब्यांतला चहा

त्या सकाळी घरात आम्ही एवढीच माणसं: आमचे हे, मी, सून आणि शेजारची चिनी म्हातारी. मुलगा इथं परदेशातच, ईस्ट टामाकी भागात गोडाऊनमध्ये कामाला, तो संध्याकाळीच यायचा.

कॅन्सर म्हणून यांच्या गळ्याला शेक दिले आणि तोंडाची चवच गेली. वरण दिलं तरी म्हणायचे, ओला पुठ्ठा लागतोय. दुधाचा चहा तर घशाखाली उतरेना. जन्मभर डोळे उघडले की चहा मागणारा माणूस, आता कप बघून तोंड फिरवायचा. खाणंपिणं सुटत चाललं होतं. मला एवढंच वाटायचं, जायच्या आधी यांच्या जिभेला काहीतरी लागू दे.

सुनेनं कुंपणावरून शेजारणीला इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हिरव्या चहाचे तीन डबे घेऊन आली. माझी-तिची भाषा हातांचीच.

पहिल्यात चपटी पानं, इस्त्री फिरवल्यासारखी. वास भाजक्या हरभऱ्याचा, चव कोवळ्या वालाच्या शेंगेची. दुसऱ्यातली बारीक, वळलेली, वर पांढरी लव. ती सगळ्यात भारी, थंडी सरल्यावरची पहिली खुडणी. पाण्याला रंग जेमतेम, पण घोट गेल्यावर जिभेवर गोडी राहायची. तिसऱ्यात मिऱ्यांएवढ्या गोळ्या, जून पानाचा हलका माल, धुरकट वासाचा.

पहिले दोन कप म्हातारीनं स्वतः केले. हे म्हणले, नुसतं पाणीच आहे की, शेजारीण कंजूष दिसतेय. सून हसली, पण म्हातारीला ते सांगितलं नाही.

तिसरा मी केला. हाताला सवय, पातेल्यात टाकून आपल्या चहासारखा खळखळा उकळला. म्हातारीनं कपाळाला हात लावला. मला तर गिळवेना. यांनी घोट घेतला आणि थांबले.

"कडू आहे गं," म्हणले. "अजून दे."

मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

मग रोज तोच चहा. म्हातारी डबा भरून द्यायची. मी रोज विचारायचे, लागतोय ना? हे म्हणायचे, लागतोय.

पुढं माझे गुडघे धरले, पातेल्यापाशी उभं राहवेना. मग कपातच कढत पाणी ओतून चहाच्या गोळ्या टाकायचे आणि झाकून ठेवायचे. एकदा पाण्याचा कप यांच्या उशाशी ठेवून गोळ्या आणायला गेले. आले तर कप यांच्या तोंडाला.

"आज मस्त कडू झालाय," म्हणले.

गोळ्या माझ्या मुठीत होत्या. मी म्हटलं, हो.

पहिल्या दिवशी तरी खरंच लागला होता का, ते मी विचारलं नाही. थोड्याच दिवसांत हे गेले.

म्हातारी अजून येते. आम्ही दोघी लव असलेला चहा पितो. मला त्यातली गोडी लागते. ती सांगायची कुणाला?

वाचणाऱ्याला एवढंच मागणं आहे. आजारी माणसाला चव लागतेय का म्हणून रोज विचारू नका. कप द्या आणि जवळ बसा.