इटलीतले माझे पाच मैल

माझं अक्षर वाकडं आहे आणि शाळा चौथीपर्यंतच झाली, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, माफ करा. पण मलकापुरातल्या त्या सायकलवाल्याबद्दल लिहून ठेवायचं आहे.

लढाईत तो इटलीत होता. पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहता पाहता तो गिऱ्हाइकाला तिथली सहल कागदावर आखून द्यायचा, ज्याची त्याला वेगळी. वकिलांना सायकलवरून भटकणं आणि गावोगावची द्राक्षाची दारू. सहलीचे आगाऊ म्हणून आठवड्याला चार आणे घ्यायचा.

मला म्हणाला, "बाई, तुमाले दिवसाचे पाचच मैल चालाचं. दारू नाई, नुस्ते अंगूर अन् ताजी रोटी. मुक्काम एका बुढीकडे. बुढी काही इचारत नाई, मुकाट्यानं वाढते."

माझा बुजरेपणा त्यानं मी न सांगताच ओळखला होता.

वर्षभर मी चार आणे दिले. मग नळावर बाया हसल्या, "काऊन वं, इटलीले कवा निंगतं?" मी घरून तो कागद घेऊन तशीच दुकानात गेले आणि पैसे परत मागितले.

माझा कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला. पैसे राहू द्या म्हणावंसं वाटत होतं, तरी मी ओंजळ पुढं केली. त्यानं तेराच्या तेरा रुपये मोजून दिले.