सवाष्णी जेवल्या का?

त्या दिवशी सकाळी कळमेश्वरहून भाऊंच्या मुलाचा फोन आला. भाऊ गेले होते. मी ऑफिस उघडलं आणि त्यांचा संगणक सुरू केला.

एरवी तो तेच सुरू करत. झोळी खुंटीला अडकवायच्या आधी पडद्याकडे वाकून विचारत, "सवाष्णी जेवल्या का?" नवं गिऱ्हाईक हे ऐकून दचकायचं. आम्हा जुन्यांना त्यात काही वाटत नसे. त्या सकाळी मी विचारलं नाही.

आमचं ऑफिस म्हणजे धंतोलीतलं एक तळघर. शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल आम्ही जुळवून देतो. मी मुद्रितं तपासतो. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून टाइप करत. तेव्हा मशीनं दोन होती, एक विंडोजवर चालणारं आणि एक लिनक्सवर. ज्यांनी या दोघांबरोबर एका खोलीत दिवस काढलेत त्यांना ठाऊक असेल, एकाची सवय दुसऱ्याला खपत नाही.

आपल्या सवयी संगणक काही फायलींत लिहून ठेवतो. अक्षर केवढं हवं, कोणती कळ दाबली की काय उमटावं, असलं सगळं. बऱ्याचदा या फायलींच्या नावाआधी एक टिंब असतं, आणि टिंब असलं की त्या सहसा दिसत नाहीत. त्या टिंबाला ते टिकली म्हणत, म्हणून फायली सवाष्णी. त्यांना एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणं म्हणजे जेवायला पाठवणं.

"विंडोजवाल्याच्या घरची रीत न्यारी आहे गा," ते मला सांगत. "तो ओटी भरल्याशिवाय सोडत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटाले एक न दिसणारं अक्षर बांधून देते. इकडं आली का लिनक्सवाला विचारते, हे काय आणलं वं? अन् रुसून बसते."

मग ते एकेका ओळीची ओटी सोडवत बसत.

हा उपद्व्याप हौसेचा नव्हता. त्यांना लकवा मारून गेला होता आणि डावा हात परत आला नव्हता. आमच्या मराठी कळफलकावर काने, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला असतात, बहुतेक व्यंजनं उजव्या. "आपल्यापाशी नुसती व्यंजनं राहिली," असं ते म्हणत. त्यांना 'घर' पटकन लिहिता येई, 'घरी' येत नसे; दर वेलांटीला उजवा हात पलीकडे नेऊन पुस्तकं होत नाहीत. म्हणून त्यांनी त्या फायलींत अशी सोय करून घेतली की अंगठ्याने स्पेसबार दाबून धरला की उजव्या कळांनी डाव्यांचं काम करावं, आणि डाव्या बंदच राहाव्यात, कारण निकामी हात त्यांवर पडे. सवाष्णी पोचल्या तर ते अख्खं पुस्तक टाइप करत. नाही पोचल्या तर बसून राहत.

आणि मग मॅक आला. आमच्या मालकीणबाईंनी, म्हणजे वहिनींनी, तो खास पुस्तकांच्या कामासाठी घेतला. त्याने सवाष्णींना उंबरठ्यावरच अडवलं. वहिनींनी चार दिवस वाट पाहिली.

"भाऊ, सोमवारपासून सगळी पुस्तकं यावरच करायची आहेत," त्या खाली बघत म्हणाल्या. "नाही जमलं तर राहू द्या. तुम्ही आता घरी बसा."

"मी घरीच तं बसून राहिलो, वहिनी."

या फायली जिथे राहतात त्या जागेला संगणक होम म्हणतो. ते कोणत्या अर्थाने बोलले ते वहिनींना कळलं नाही. मला अर्धं कळलं.

सोमवारी त्यांना ताप होता, आणि तापातच मॅकचं कुठे अडत असावं ते सुचलं होतं. मी आणि वहिनी एका शाळेत मुद्रितं द्यायला गेलो होतो, त्यामुळे फोन उचलला मावशींनी. मावशी ऑफिस झाडतात, चहा करतात, आणि खंडेनवमीला मशीनांना हळदकुंकू वाहतात. निरोप असा होता: "नव्या मशीनकडं सवाष्णी जेवाले घाला म्हणा. अन् ओटीचं आधी काढून ठेवा."

आम्ही परतलो तेव्हा तळघरात गल्लीतल्या तीन सवाष्णी पानावर बसल्या होत्या. मॅकला कुंकवाचं बोट लावलं होतं. माझ्या टेबलावर खण आणि नारळ काढून ठेवले होते.

"मावशी, हे काय?"

"भाऊचा निरोप होता नं जी. नव्या मशीनच्या सवाष्णी राहून गेल्या म्हणे."

वहिनींनी पानांकडे पाहिलं. अर्ध्या जेवणातून सवाष्ण कोण उठवणार? त्यांनी तुपाची वाटी उचलली आणि वाढायला लागल्या.

तेवढ्यात ते जिना उतरून आले. कानाला मफलर होता; घरी राहवलं नाही म्हणून अंगात ताप असताना बस धरली होती. त्यांनी पंगतीकडे पाहिलं, हसले नाहीत. "सावकाश होऊ द्या, बाई," असं म्हणून मॅकसमोर बसले. विंडोजवरून फायली आधी होत्या तशाच आणून पाहिल्या. पडद्यावर लाल अक्षरांत नकार उमटला.

"काय झालं जी?" जेवून हात धुऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं.

"ओटी राहून गेली."

बाईंनी टेबलावरचा आपल्या ओटीचा नारळ पुढे सरकवला. "मंग हे घ्या नं. मशीनले कमी काहून पडावं?"

"कमी नाही वं माय, जास्त होऊन राहिली."

त्यांनी ओळींच्या गाठी सोडवल्या. अंगठा दाबून धरला आणि एक शब्द टाइप केला. घरी. वेलांटीसकट.

वहिनींनी तुपाची वाटी खाली ठेवून तो शब्द वाचला. "हे नेणं-आणणं पुरे," त्या म्हणाल्या. "तिन्ही मशीनांवर तुमच्याच कळा राहू द्या. कायमच्या."

"अन् बाकीचे?"

"शिकतील."

शिकलो. पहिल्या दिवसांत आम्ही अंगठा विसरायचो. एका पत्रिकेत नवरदेवाच्या आत्याचं नाव व्यंजनांनी असं गच्च भरून आलं की ते खोकल्याच्या औषधाचं वाटावं. ते मागे उभे राहून म्हणत, "अंगठा, गा. अंगठा." आमच्यापैकी कोणाला काही झालेलं नव्हतं, तरी आम्ही सगळे एका हाताने काम करत होतो. येणारी गिऱ्हाइकं थबकून बघत.

त्यांच्या तेरवीनंतर वहिनींनी विषय काढला. माणूस बोलावून कळा पहिल्यासारख्या करून घ्यायच्या का? मावशी चहा ठेवून गेल्या.

आम्ही अजून उजव्या हाताने टाइप करतो. डावा हात मांडीवर असतो.