आतल्या बाजूची तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

माझी पुतणी मुक्ता सात वर्षांची असताना विजय नगरच्या आमच्या सोसायटीत घसरगुंडीवरून पडली. कोपराच्या जरा वर हाड मोडलं. माझा धाकटा भाऊ सुधीर टूरवर होता. त्याची बायको स्मिता मुलीजवळून हलेना. म्हणाली, दादा, डॉक्टरांशी तुम्हीच बोला. आकडे, चौकशी, तुलना — आमच्या घरात हे खातं माझंच.

डॉक्टर तरुण होते, हिंदी बोलणारे. त्यांनी कागदावर कोपर काढून दाखवलं. हाड बसवायचं आणि तारा घालायच्या — दोन्ही बाहेरच्या बाजूने, नाहीतर एक बाहेरून, एक आतून, कैंचीसारख्या. आत करंगळीकडे जाणारी नस असते, तिला तार लागू शकते. म्हणून ते दोन्ही बाहेरूनच घालणार होते.

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण मला खरंच कुतूहल — मग कैंची घालतातच कशाला? हाताला पीळ बसला तर जास्त काय टिकतं? माणूस प्रामाणिक, म्हणाले, कैंची, थोडीशी. झालं! मिक्सर घेतानाही वॉरंटी ताडून पाहणारा मी. म्हटलं, “तो फिर मज़बूतवाला ही कीजिए, डॉक्टर साहब.” त्यांनी पुन्हा समजावलं, मी पुन्हा विचारलं. शेवटी ते म्हणाले, “ठीक है अंकलजी, करते तो दोनों हैं.”

पण कबूल करायचंय ते हे नाही. इथपर्यंतचा तर निव्वळ अडाणीपणा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिता चहा घ्यायला खाली गेली होती. मुक्ता मला म्हणाली, “काका, माझी करंगळी झोपलीय.” मी करंगळी दाबली. तिला कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं — ती तार कोणी मागितली होती, हेही. नर्स दारातच होती. मी काय केलं? मुक्ताला म्हटलं, प्लास्टरमुळे होतं असं, आईला सांगू नकोस, घाबरेल.

तिने नाही सांगितलं. तारा काढेपर्यंत नाही.

तारा काढल्या त्या दिवशी डॉक्टरांनी करंगळीवर कापूस फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. आतल्या तारेने नस दुखावलीय हे ऐकून सुधीर भडकला — आतून तार घाला असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “फ़ैसला मेरा था.” मी एक्स-रे बघत उभा होतो.

नस पुढे हळूहळू जागी झाली. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर लवकर झाली असती का? त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलंय, अजून वाचतो. बाहेरच्या दोन तारा नीट अंतर ठेवून घातल्या तर बहुतेक मुलांना पुरतात, हे आता कळतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठे सापडत नाही.

आणि सुधीर डॉक्टरांना बोलत असतानाच मुक्ताने माझा शर्ट ओढला होता. हळूच विचारलं होतं, “काका, आता सांगू का?”

मी सगळ्यांसमोर म्हणालो, “काय गं? काय सांगायचंय?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “काही नाही.”