कुलूप लावलेली घरं

ग्रामसभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि आमचा अहवाल चुकीचा निघाला.

मी केज तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. त्याच्या जोडीला द्वितीय वर्षाला शाश्वत विकास हा पेपर माझ्याकडे आहे. आजची गरज भागवताना उद्याच्या माणसाच्या वाट्याला हात लावायचा नाही, असा त्याचा साधा अर्थ. हे पुस्तकातून शिकवलं की मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. म्हणून त्या वर्षी मी वर्गाला नांदूरघाटच्या बाजूच्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद करायला लावला. गावात किती पाणी आहे, ते कोण किती वापरतं आणि पावसाळ्यापर्यंत पुरतं का, याची ही मांडणी.

गावाला एक पाझर तलाव आहे. तो पाणी जमिनीत मुरवतो आणि खालच्या अंगाला असलेल्या पिण्याच्या विहिरीला त्याचा झरा मिळतो. त्या हिवाळ्यात काही शेतकऱ्यांनी कांद्यासाठी थेट तलावात मोटारी टाकल्या होत्या. त्या चालू ठेवायच्या की काढायच्या, हा ग्रामसभेपुढचा विषय होता. सरपंच म्हणाले होते, कॉलेजचा अहवाल सांगेल तसं करू.

मुलांनी जानेवारीत चार दिवस घरोघर फिरून माणसं आणि जनावरं मोजली. तलावाची खोली दोरीने घेतली. आकडे मांडले तेव्हा पाणी पुरून उरत होतं. मोटारी चालू राहिल्या तरी हरकत नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला. सरपंचांना तो फोनवर कळवलासुद्धा.

अहवालाची स्वच्छ प्रत लिहायचं काम मनीषाकडे होतं. ती त्याच गावची. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती मामाकडे राहून शिकणारी. आजारी असल्यामुळे ती पाहणीला आली नव्हती. पंचवीस जानेवारीला दुपारी ती यादी घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, ह्या यादीत आमचं घर न्हाई."

पाहणी करणाऱ्या गटाचा प्रमुख गणेश होता. त्याला बोलावलं. तो म्हणाला, "सर, घर बंद हुतं. फॉर्मवर लिवलंय, बंद घर सोडून पुढं जा."

फॉर्म मी तयार केला होता. ते वाक्यही माझंच.

"किती घरं सोडली?" मी विचारलं.

गणेशने सोबतच्या सोहेलकडे पाहिलं. सोहेल म्हणाला, "माझ्याकडं काहून बघायलास बे? तूच म्हणला, फुडं चल."

"लई कुलपं हुती, सर," गणेश म्हणाला.

मनीषा शांतपणे म्हणाली, "कुलूप हाय म्हणजे माणसं मेली न्हाईत. पाडव्याला समदे येतेत."

चूक तिथे स्पष्ट झाली. दसरा-दिवाळीनंतर त्या गावातली निम्मी घरं बैलगाड्या घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जातात. मार्च-एप्रिलला परततात, म्हणजे विहीर सगळ्यात खाली गेलेली असते तेव्हा. आम्ही जानेवारीतलं अर्धं गाव मोजलं आणि तेच जूनपर्यंत धरलं. गटातल्या सहापैकी चौघांच्या आपापल्या गावातल्या घरांनाही त्या दिवसांत असंच कुलूप होतं. तरी ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण फॉर्म छापील होता.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चूक कोणाची? तुमची की मुलांची?"

"माझी."

"मग उद्या सभेत ते आधी सांगा. आणि बरोबर आकडा घेऊन जा. नुसती माफी नेऊ नका."

बरोबर आकडा फडावर होता. गावातून तीन टोळ्या गेल्या होत्या. टोळी गोळा करून कारखान्यावर नेणाऱ्याला मुकादम म्हणतात. मनीषाकडे तिन्ही मुकादमांचे नंबर होते. पहिला माजलगावकडे होता. त्याने सांगितलं, अठरा कोयते. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. सोहेलने छत्तीस माणसं लिहून घेतली. मनीषाने त्याच्या हातून फोन घेतला.

"काका, कोयते नका सांगू. नावं सांगा. लेकरं बी सांगा, बैलं बी सांगा."

मुकादमाच्या हिशेबात लेकरं नव्हती, कारण ती ऊस तोडत नाहीत. पाणी मात्र पितात. मग एकेक नाव सुरू झालं. दिवस मावळेपर्यंत तिन्ही टोळ्यांची यादी झाली. कोण, घरात किती जण, किती बैल, परत कधी येणार. आम्ही पुन्हा मांडणी केली. मोटारी चालू राहिल्या, तर टोळ्या परतल्यावर विहिरीत पंधरवड्याचंही पाणी राहत नव्हतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी उभा राहिलो, आधी कळवलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. सरपंचांचा चेहरा उतरला. मागच्या ओळीतून नामदेव आबा उठले. तलावातली सगळ्यात मोठी मोटार त्यांची. ते माझ्याशी बोललेच नाहीत, सभेशी बोलले.

"जे गावात न्हाईत त्यांच्यासाठी आमी हिरवा कांदा वाळवायचा का? ज्याला पायजे त्यानं सभेला यावं आन मागावं."

आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. बोलणं गैर असलं तरी बिनतोड होतं. ज्यांचं पाणी जाणार होतं, त्यांतलं कोणीही सभेला येणं शक्य नव्हतं. मी मनीषाकडे पाहिलं. ती यादी घेऊन उठली आणि काही न समजावता वाचायला लागली. माणसाचं नाव, घरातली माणसं, बैल, परतायचा आठवडा. पहिल्या पाच-सहा नावांना कुजबुज चालू होती. सातव्या नावाला कुजबुज थांबली.

"बाळू नामदेव. बायको, दोन लेकरं, दोन बैलं. पाडव्याच्या आठवड्यात येणार."

बाळू हा आबांचा थोरला मुलगा. वेगळा राहतो. त्याच्या घरालाही कुलूप होतं.

मनीषाने विचारलं, "आबा, फुडची नावं वाचू का?"

 आबा खाली बसत म्हणाले, "वाच. समदी वाच."

तिने सगळी वाचली. शेवटी आबांनीच तोड काढली. कांद्याला आणखी दोन पाणी देऊ द्या, मग पहिली मोटार मी काढतो. ठराव एकमताने झाला. ग्रामसेवकाने इतिवृत्ताला तिची यादी जोडली.

फेब्रुवारीत मोटारी निघाल्या. दोन पाण्यांवर कांदाही निघाला, थोडा बारीक. पाडव्याच्या आसपास टोळ्या परतल्या तेव्हा विहिरीत पाणी होतं. शेजारच्या गावांत टँकर फिरत असताना मे अखेरपर्यंत या गावाने टँकर मागितला नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मनीषाच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी आभार वगैरे मानले नाहीत. विहिरीला दोन परस पाणी हाय, तेवढं पोरीच्या वहीत लिवा, म्हणाले. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढी खोली. कॉलेज उघडल्यावर गणेशने ते तिच्या वहीत लिहिलं आणि वर्गाने बाकं वाजवली. मी थांबवलं नाही.

पहिला अहवाल मी जपून ठेवला आहे. त्यातली बेरीज नंतर दोनदा तपासली. ती अगदी बरोबर आहे. बरोबर बेरजेनेही विहीर आटू शकते, हे आता मी पहिल्या तासालाच सांगतो. परीक्षेत ते विचारत नाहीत.