नळ सोडून बोलणारी यादविगा

यादविगाचा पहिला राग स्वतःवरच होता. बेलारूसमधल्या ग्रोदनो शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई ती. ट्रंककॉल जोडायचा, आणि ज्या नंबराबद्दल वरून सांगणं आलं असेल त्याची कळ दाबून ठेवायची, म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या साहेबाला सगळं ऐकू जायचं. ती कळ तिने मुकाट्याने दाबली होती. म्हणूनच घरात काही खरं बोलायचं असलं की ती स्वयंपाकघरातला नळ धो धो सोडायची, म्हणजे चोरून ऐकणाऱ्याला नुसतं पाणीच ऐकू जावं. त्या शहरात सगळेच सोडायचे.

लेक यानिना चार वर्षांपूर्वी सरकारविरोधी मोर्चात गेली आणि पोलीस दारात यायच्या आत पोलंडला निसटली. तिने आईच्या मोबाइलवर सरकारलाही ऐकता येणार नाही असं एक अ‍ॅप घालून दिलं. कॉल लागला की दोघींच्या पडद्यावर चार चित्रं यायची. ती जुळली, की मध्ये कुणी ऐकत नाही.

"कोंबडा, छत्री, किल्ली, गाजर," यादविगा वाचायची.

"जुळलं. आई, तो नळ बंद कर गं! काही ऐकू येत नाही. फोनवर विश्वास नाही का तुझा?"

"फोनवर आहे. या भिंतींवर नाही."

ऑक्टोबर संपत आला तेव्हा यानिना म्हणाली, "पितरांच्या दिवशी बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येते. चार वर्षं झाली, आता कोण लक्षात ठेवतंय?"

यादविगाने 'नको' म्हणायला हवं होतं. पण लेकीला बघायला जीव तुटत होता. "बघू," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीचा हवालदार रुस्लान आला. याच आवारात लहानाचा मोठा झालेला.

"काकू, दर रविवारी अकराला तुमचा नळ चाळीस मिनिटं वाहतो म्हणे. खालच्या झिनाइदाबाईंनी लिहून दिलंय. एकट्या बाईची एवढी भांडी?"

यादविगाच्या अंगाची लाही लाही झाली. फोनचं कुलूप कुणाला उघडता आलं नव्हतं. चहाडी केली ती तिच्याच नळाने.

"येत्या रविवारी मी बसतो इथे. यानिनाचा फोन आला की आजारी आहे म्हणा, लगेच ये म्हणा. दोनच प्रश्न विचारायचेत तिला."

"तुमच्या दोन प्रश्नांना किती वर्षं लागतात रे?"

"नाहीतर तुम्हाला उचलावं लागेल, काकू." जाताना त्याने तिचा मोबाइल आपल्या खिशात घातला.

रविवारी तिचा मोबाइल समोर ठेवून तो टेबलाशी बसून तिने तळलेले बटाट्याचे द्रानिकी खात होता. कॉल लागला. चित्रं जुळली. नळ बंद होता.

"आई? आज पाणी नाही?"

"नाही. आज सगळ्यांनी ऐकायचंय." यादविगा उभी राहिली. तिचा आवाज चढला. "माझ्याशेजारी हवालदार रुस्लान बसलाय. माझे पाच द्रानिकी गिळलेत मेल्याने. तुला पकडायला बसलाय. येऊ नकोस, पोरी! मी मेले तरी येऊ नकोस!"

रुस्लानने फोन हिसकावला, तेव्हा कॉल संपला होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कोट घाला, काकू."

तिने कोट घातला, रुमाल बांधला. जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर थांबून तिने झिनाइदाच्या दारावर मूठ आपटली.

"झिनाइदा! लिहून घे. उद्यापासून वर पाणी वाहणार नाही."